अडतीस वर्षांनी सापडलेला आवाज

पडद्यावर कृष्णधवल चित्र. समोर एक लाउडस्पीकर. गाणे सुरू होते आणि त्या तालावर स्पीकरचा पडदा थरथरू लागतो. कॅमेरा हळूहळू मागे सरकतो. खोलीत कोणीतरी बसले आहे, सिगारेट ओढत गाणे ऐकते आहे. पण त्याचा चेहरा दिसत नाही. गायक नाही, वादक नाहीत, नृत्य नाही. गाणे संपत आले, की ऐकणारा उठतो, स्पीकरला लाथ घालतो आणि निघून जातो. ‘बास्टर्ड्स ऑफ यंग’ या गाण्याची ही चित्रफीत. एमटीव्ही वाहिनीच्या ऐन भराच्या काळात, जेव्हा प्रत्येक कलावंत कॅमेऱ्यासमोर अधिकाधिक चमकण्यासाठी धडपडत होता, तेव्हा अमेरिकेच्या मिनिआपोलिस शहरातील ‘द रिप्लेसमेंट्स’ या बँडने कॅमेऱ्यासमोर येण्याचेच नाकारले.

हे गाणे ज्या अल्बममधले, त्याचे नाव ‘टिम’. १९८५ साली तो प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील खपाचा मापदंड मानल्या जाणाऱ्या ‘बिलबोर्ड’च्या दोनशे अल्बमांच्या यादीत त्याची मजल १८३व्या क्रमांकापर्यंतच गेली. मात्र ज्या थोड्या लोकांनी तो ऐकला, त्यांनी तो सोडला नाही. गिटारप्रधान रॉक संगीतातील ही एक उपेक्षित पण असामान्य कृती आहे, असे ते जवळजवळ चार दशके सांगत राहिले. विशेष म्हणजे, याच चाहत्यांची या अल्बमविषयी एक जुनी तक्रारही होती. गाणी अप्रतिम आहेत, पण ती नीट ऐकूच येत नाहीत, ही ती तक्रार. २०२३ साली या तक्रारीची दखल घेतली गेली आणि एका आवडत्या अल्बमची अक्षरशः फेरतपासणी झाली. एखाद्या कलाकृतीचे मोल कमी ठरते, ते नेमके कशामुळे? तिच्यात काही उणे असते म्हणून, की ती आपल्यापर्यंत धड पोहोचतच नाही म्हणून? ‘टिम’ची कथा या प्रश्नापाशी नेऊन सोडते.

तळघरातला बँड

‘रिप्लेसमेंट्स’ची सुरुवात १९७९ साली झाली. बॉब स्टिन्सन हा विशीतला गिटारवादक आपल्या धाकट्या सावत्र भावाला, टॉमीला, बास गिटार शिकवत होता. टॉमी त्या वेळी जेमतेम बारा-तेरा वर्षांचा होता. ड्रम्सवर ख्रिस मार्स होता. साफसफाईची नोकरी करणारा पॉल वेस्टरबर्ग घरी परतताना एका घरातून येणारा त्यांच्या तालमीचा गोंगाट ऐकून थबकत असे. पुढे तोच या बँडचा गायक आणि गीतकार झाला.

मिनिआपोलिस हे अमेरिकेच्या उत्तरेकडील, कडाक्याच्या हिवाळ्याचे शहर. १९८४ साली ‘पर्पल रेन’मुळे जगभर पोहोचलेला प्रिन्स याच शहराचा. ‘हस्कर डू’ हा वेगवान, कर्कश गिटारसंगीताचा बँडही इथलाच. या शहरातील ‘ट्विन टोन’ या छोट्या कंपनीने रिप्लेसमेंट्सचे पहिले अल्बम काढले. आरंभीच्या गाण्यांत पंक संगीताचा धुडगूस होता. मात्र १९८४च्या ‘लेट इट बी’पासून वेस्टरबर्गची गीते बदलू लागली. आरडाओरड्याच्या आडून एक हळवा, स्वतःवरच हसणारा, वयात येण्याच्या वेदनेविषयी बोलणारा कवी डोकावू लागला. अल्बमचे नाव सरळ बीटल्सकडून उचललेले होते, हेही या मंडळींच्या खोडसाळ स्वभावाला साजेसेच.

समीक्षकांच्या कौतुकामुळे मोठ्या कंपन्यांचे लक्ष गेले आणि १९८५ साली ‘सायर’ने या बँडशी करार केला. रमोन्स, टॉकिंग हेड्स आणि मॅडोना यांना पुढे आणणारी ही कंपनी वॉर्नर समूहाचा भाग होती. तळघरातून निघालेल्या चार मुलांसाठी हा मोठा दरवाजा उघडला होता. त्यातून आत जाण्याची त्यांची मनापासून इच्छा होती का, हा प्रश्न मात्र अखेरपर्यंत सुटला नाही.

अकरा गाण्यांचा ऐवज

‘टिम’मध्ये अकरा गाणी आहेत. त्यांत सर्वांत जास्त जीव लावला जातो तो ‘लेफ्ट ऑफ द डायल’ला. या नावामागे अमेरिकेतील रेडिओची रचना आहे. तेथे एफएम पट्ट्यावरील ८८ ते ९२ मेगाहर्ट्झ हा भाग अव्यावसायिक केंद्रांसाठी राखीव आहे. जुन्या रेडिओच्या तबकडीवर तो डाव्या टोकाला येत असे. महाविद्यालयांची छोटी केंद्रे याच भागात असत आणि मोठ्या केंद्रांवर ज्यांना जागा नव्हती असे बँड रात्री-अपरात्री इथेच ऐकायला मिळत. या केंद्रांची शक्ती कमी. शहर मागे पडले, की आवाज खरखरत विरून जाई. दौऱ्यावर असलेला एक वादक दुसऱ्या बँडमधील मैत्रिणीचा आवाज अशाच एखाद्या केंद्रावर शोधतो आहे, एवढाच या गाण्याचा विषय. तथापि, त्यात एका पिढीच्या भटकंतीचे आणि एकटेपणाचे सगळे चित्र उतरले आहे. महाविद्यालयीन रेडिओवर वाढलेल्या श्रोत्यांना हे गाणे आपलेच चरित्र वाटले, यात नवल नाही.

‘बास्टर्ड्स ऑफ यंग’ हे आपल्याला वारसच नाहीत आणि वारसाही नाही असे मानणाऱ्या तरुणांचे गाणे. ‘किस मी ऑन द बस’मध्ये शाळकरी वयातील उतावळे प्रेम आहे. ‘स्विंगिन पार्टी’त मेजवानीच्या झगमगाटात लपलेली भीती आहे. न्यूझीलंडची गायिका लॉर्ड हिने २०१३ साली हे गाणे पुन्हा गायले आणि तिच्या तरुण श्रोत्यांपर्यंत ते नव्याने पोहोचले. ‘वेट्रेस इन द स्काय’मध्ये विमानातील उर्मट प्रवाशाच्या तोंडून हवाई सेविकेची टर उडवली आहे. वेस्टरबर्गची बहीण स्वतः हवाई सेविका होती हे कळले, की त्या थट्टेचा रोख नेमका कोणावर आहे हे उमगते. शेवटचे ‘हिअर कम्स अ रेग्युलर’ हे रोज त्याच गुत्त्यात त्याच खुर्चीवर येऊन बसणाऱ्या माणसाचे गाणे. त्यात बँडचा गोंगाट नाही; साध्या गिटारवर संथपणे पुढे सरकणारा आवाज आहे. मद्यपान हे या बँडच्या दंतकथेचे भांडवल होते. त्याच मद्यपानाची किंमत काय, हे सांगणारे गाणे त्यांनी अल्बमच्या शेवटी ठेवले.

समीक्षकांनी या गुणांची कदर केली होती, हे नमूद करायला हवे. न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ या साप्ताहिकाने घेतलेल्या समीक्षकांच्या १९८५च्या वार्षिक मतदानात ‘टिम’ दुसऱ्या क्रमांकावर होता. म्हणजे उपेक्षा झाली ती जाणकारांकडून नव्हे, तर बाजारपेठेकडून.

संधी आणि लाथ

या उपेक्षेला बँडचाही हातभार होताच. १८ जानेवारी १९८६ रोजी ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या अमेरिकाभर पाहिल्या जाणाऱ्या थेट कार्यक्रमात त्यांना संधी मिळाली. ‘पॉइंटर सिस्टर्स’ येऊ न शकल्याने ती ऐनवेळी चालून आली होती. चौघेही दारूच्या अमलाखाली रंगमंचावर आले. वेस्टरबर्गने गाण्याच्या मध्येच बॉबच्या दिशेने शिवीगाळ केली. दुसऱ्या गाण्याच्या वेळी त्यांनी एकमेकांचे कपडे अदलाबदल करून घातले होते. संयोजकांचा संताप झाला आणि या बँडला त्या कार्यक्रमाचे दार कायमचे बंद झाले. आज ते सादरीकरण पाहताना त्यातील ऊर्जा थक्क करते. पण अल्बमच्या प्रसिद्धीच्या दृष्टीने तो घात होता.

त्याच वर्षी बॉब स्टिन्सनला बँडमधून काढण्यात आले. ज्याच्या घराच्या तळघरात बँड जन्मला, त्यालाच बाहेर जावे लागले. व्यसन आणि बालपणापासूनचे आघात यांतून तो कधी सावरला नाही. फेब्रुवारी १९९५मध्ये, वयाच्या ३५व्या वर्षी त्याचे निधन झाले. त्यामुळे ‘टिम’ हा मूळ चौघांचा अखेरचा अल्बम ठरला. चाहत्यांच्या मनात त्याला जे वेगळे स्थान आहे, त्यामागे हेही एक कारण आहे.

आपल्याच कामाविषयीची बँडची बेफिकिरी किती टोकाची होती, याचा एक किस्सा बॉब मेहर यांनी ‘ट्रबल बॉइज’ या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चरित्रात नोंदवला आहे. १९८७ साली या मंडळींनी जुन्या कंपनीच्या कचेरीतून ध्वनिफिती उचलल्या आणि थेट मिसिसिपी नदीत फेकल्या. सुदैवाने महत्त्वाच्या मूळ फिती त्या गाठोड्यात नव्हत्या. ज्या कलावंतांनी आपले काम नदीत बुडवायला मागेपुढे पाहिले नाही, त्यांचे काम जपण्याची जबाबदारी ओघानेच ऐकणाऱ्यांवर येऊन पडली.

मिश्रणातली मेख

आता चाहत्यांच्या त्या तक्रारीकडे वळू. ती समजण्यासाठी अल्बम कसा तयार होतो, हे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. स्टुडिओत वाजवलेली प्रत्येक गोष्ट रुंद चुंबकीय फितीवर स्वतंत्र ट्रॅकमध्ये साठवली जाते. गायकाचा आवाज एका ट्रॅकवर, बास दुसऱ्यावर, प्रत्येक गिटार आपापल्या ट्रॅकवर, ड्रम्ससाठी तर अनेक ट्रॅक. हे सगळे एकत्र आणून डावीकडच्या आणि उजवीकडच्या अशा दोनच स्पीकरांत बसवायचे, याला ध्वनिमिश्रण म्हणतात. कोणाचा आवाज किती मोठा, कोण डावीकडे, कोण मधोमध, कोणाला किती घुमारा द्यायचा, हे सारे इथे ठरते. मैफलीत तबल्याचा ध्वनिवर्धक जरा जास्त उघडला, की गायकाच्या बारीक हरकती झाकोळतात, तसेच हे. गाणे तेच, वादन तेच. पण मिश्रण बदलले की परिणाम पार बदलतो. मिश्रणानंतर येते ते मास्टरिंग, म्हणजे तयार मिश्रणावरचा शेवटचा हात. जुने अल्बम ‘रीमास्टर’ होऊन बाजारात येतात, तेव्हा बहुधा हा शेवटचा हातच नव्याने फिरवलेला असतो. मूळ मिश्रणात जे दबले आहे, ते त्याने वर येत नाही.

‘टिम’ची निर्मिती टॉमी एर्डेली यांनी केली. रमोन्स या बँडचे ते पहिले ड्रमवादक. ‘टॉमी रमोन’ या नावाने ते अधिक परिचित. ध्वनिमुद्रण १९८५च्या उन्हाळ्यात मिनिआपोलिसच्या निकोलेट स्टुडिओत झाले. एर्डेलींची श्रवणशक्ती तोवर कमी झाली होती आणि मिश्रणाचे बरेचसे काम त्यांनी हेडफोन लावून केले, असे या अल्बमच्या इतिहासात सांगितले जाते. हेडफोनमध्ये समतोल वाटणारा आवाज खोलीतल्या स्पीकरवर तसाच येईल, याची खात्री नसते. परिणाम असा, की ड्रम्स दूरच्या बोगद्यात वाजावेत तसे घुमणारे, बास जवळजवळ हरवलेला, गिटारी एकमेकींत मिसळून पातळ झालेल्या. रंगमंचावर छप्पर उडवणारा बँड अल्बममध्ये मात्र भिंतीपलीकडे वाजत असल्यासारखा वाटे. ज्यांनी हा बँड प्रत्यक्ष ऐकला होता, त्यांना ही तफावत सतत टोचत राहिली.

चाहत्यांची चिकाटी

४ जुलै १९९१ रोजी शिकागोच्या ग्रँट पार्कमधील कार्यक्रमानंतर बँड विसर्जित झाला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, २४ सप्टेंबरला, निर्वाणाचा ‘नेव्हरमाइंड’ प्रसिद्ध झाला आणि कर्कश गिटार व घायाळ मन यांचे तेच मिश्रण जगभर लाखांनी विकले गेले. वाट तयार करणारे मागे राहिले आणि चालणारे पुढे गेले, हे कलेच्या इतिहासात नवे नाही.

तरीही रिप्लेसमेंट्सचे श्रोते पांगले नाहीत. २०११ साली गॉरमन बेचार्ड या दिग्दर्शकाने ‘कलर मी ऑब्सेस्ड’ हा माहितीपट काढला. त्यात बँडचे एकही गाणे वाजत नाही आणि बँडची चित्रेही दिसत नाहीत. संपूर्ण कथा सांगतात ते ऐकणारे: कोणी वादक, कोणी पत्रकार, तर कोणी केवळ चाहते. संगीत न ऐकवता संगीतावर माहितीपट काढण्याचे धाडस करता येते, ते श्रोत्यांच्या स्मृतीत ते संगीत किती घट्ट रुजले आहे याची खात्री असेल तेव्हाच. ज्या बँडने आपल्या चित्रफितीत स्वतःऐवजी एक ऐकणारा माणूस बसवला, त्याला साजेसाच हा माहितीपट म्हणावा लागेल. २०१३ साली वेस्टरबर्ग आणि टॉमी स्टिन्सन नव्या साथीदारांसह पुन्हा रंगमंचावर आले, तेव्हा बँड विसर्जित झाला त्या वेळी ज्यांचा जन्मही झाला नव्हता असे तरुणही समोर होते.

या आस्थेचे रहस्य काय? पहिली गोष्ट म्हणजे, या गाण्यांत पराभूताला लाज वाटत नाही. ऐंशीच्या दशकातील मुख्य प्रवाहातील रॉक संगीत विजेत्यांचे होते. रिप्लेसमेंट्सने हरणाऱ्यांना गाणे दिले. दुसरी गोष्ट, वेस्टरबर्ग स्वतः एक चाहता होता. मेम्फिसच्या ‘बिग स्टार’ या उपेक्षित बँडचा अॅलेक्स चिल्टन हे त्याचे दैवत. ‘टिम’च्या आधीची काही प्राथमिक ध्वनिमुद्रणे चिल्टननेच केली होती आणि ‘लेफ्ट ऑफ द डायल’मध्ये त्याच्या आवाजाची साथही आहे. १९८७च्या ‘प्लीज्ड टू मीट मी’मध्ये तर वेस्टरबर्गने थेट ‘अॅलेक्स चिल्टन’ याच नावाचे गाणे लिहिले. जगाने ज्याला ओळखले नाही, त्याच्यावर मनापासून प्रेम करणे म्हणजे काय, हे या बँडने आपल्या श्रोत्यांना स्वतःच्या उदाहरणाने शिकवले.

फेरतपासणी

२२ सप्टेंबर २०२३ रोजी ऱ्हायनो कंपनीने ‘टिम : लेट इट ब्लीड एडिशन’ हा संच प्रसिद्ध केला. ‘लेट इट बी’ हे नाव बीटल्सचे घेतले होते. या वेळी रोलिंग स्टोन्सचे घेतले. संचाचा गाभा म्हणजे एड स्टेसियम यांनी मूळ बहुट्रॅक फितींवरून केलेले संपूर्ण नवे मिश्रण. ही निवड अर्थपूर्ण होती. रमोन्सचा १९७८चा ‘रोड टू रुइन’ हा अल्बम स्टेसियम आणि एर्डेली यांनी मिळून निर्माण केला होता. म्हणजे जुन्या सहकाऱ्याचे अपुरे राहिलेले काम जुन्या सहकाऱ्यानेच हाती घेतले. एर्डेली यांचे २०१४ साली निधन झाले होते.

फरक पहिल्याच गाण्यापासून जाणवतो. घुमारा पुसला गेला आहे. ख्रिस मार्सचे ड्रम्स कोरडे, ठोस, समोर वाजल्यासारखे येतात. टॉमीचा बास प्रथमच नीट ऐकू येतो आणि अठरा वर्षांचा तो मुलगा किती समर्थ वादक होता, हे कळते. गिटारी डाव्या-उजव्या बाजूंना वेगळ्या झाल्याने त्यांचे आपसातले संभाषण उमगते. ‘लिटल मस्करा’चा शेवट मूळ अल्बममध्ये लवकर विरवला होता, आता तो अधिक वेळ चालतो. नव्याने काही वाजवलेले नाही. जे १९८५ साली फितीवर होते, तेच आता बाहेर आले आहे. ‘पिचफोर्क’ या संगीतविषयक प्रकाशनाने या संचाला दहापैकी दहा गुण दिले. चाहत्यांचा निकाल तर केव्हाच लागला होता. त्यांना केवळ पुरावा मिळाला.

मात्र एक वेगळा सूरही उमटला आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. अडतीस वर्षे ज्यांनी जुन्याच आवाजात ही गाणी ऐकली, त्यांच्या आठवणीही त्या घुमाऱ्यासकट तयार झाल्या आहेत. रात्रीच्या प्रवासात खरखरणाऱ्या रेडिओवर ऐकलेले ‘लेफ्ट ऑफ द डायल’ स्वच्छ केल्याने अधिक खरे होते, की त्यातले काही हरवते? उणीव हाही कलाकृतीच्या इतिहासाचा भाग असतो. संचकर्त्यांनी या प्रश्नाचे उत्तर श्रोत्यांवर सोपवले, हे योग्यच झाले. जुने मिश्रणही रीमास्टर करून त्याच संचात ठेवले आहे. सोबत त्या काळातील अप्रकाशित ध्वनिमुद्रणे आणि ११ जानेवारी १९८६चा शिकागोतील कार्यक्रम आहे. दूरचित्रवाणीवरील त्या गाजलेल्या रात्रीच्या बरोबर एक आठवडा आधीचा. बॉब त्यात आपल्या पूर्ण ताकदीने वाजवतो आहे.

बॉब स्टिन्सन हे ऐकायला नाही, ही रुखरुख उरतेच. नव्या मिश्रणाने त्याचे आयुष्य बदलणार नव्हते. पण एका गोष्टीचा निर्वाळा मिळाला. जे थोडे लोक इतकी वर्षे सांगत होते, की या धूसर आवाजाच्या मागे एक मोठा अल्बम आहे, ते भावनेच्या भरात बोलत नव्हते. त्यांनी नीट ऐकले होते. अल्पमतात असलेल्या रसिकाला बहुधा हट्टी ठरवले जाते. ‘टिम’च्या बाबतीत तो हट्ट म्हणजे नेमके श्रवण होते, हे फितीनेच सिद्ध केले. यादीतला १८३वा क्रमांक आता बदलणार नाही आणि त्याची गरजही उरलेली नाही.